धुराचा पाय

१२ मार्च, रात्री

मनोऱ्यावर आज नववा दिवस. चढताना पोटऱ्या आता दुखत नाहीत. खाली फणसाडचं रान, पश्चिमेला समुद्राची पट्टी. एके काळी जंजिऱ्याच्या नवाबाचं हे शिकारीचं रान, १९८६ पासून अभयारण्य. आमचं काम एवढंच: धूर दिसला की वॉकीवर कळवायचं.

पहिल्या दिवशी मी सात वेळा कळवलं. वनरक्षक शेवटी वैतागले. "अहो, ते राब आहेत. लोकांना भात लावायचंय की नाही?"

राब म्हणजे भाताच्या रोपांसाठी जमीन भाजणं. तेव्हापासून धुराचा पाय बघायला शिकलो. शेंड्यावरून काही कळत नाही. राबाचा धूर एका जागी बसून असतो. शेण, पाचोळा, ऐनाची कवळं म्हणजे तोडलेल्या पानांच्या डहाळ्या, वर मातीचा थर, त्यामुळे तो धुमसत राहतो आणि मरतो. वणव्याचा पाय चालतो. अकराच्या सुमारास खारा वारा सुटला की चढाच्या बाजूला धावतोच. वरचं गवत ज्वाळा पोचायच्या आधीच तापून बसलेलं असतं.

आज पावणेतीनला एक पाय चालला. जागा बघितली आणि घशाला कोरड पडली. आमचीच दळी, डोंगरउतारावरचा शेतीचा तुकडा. लहानपणी मीच तिथे काकांच्या मागून घमेल्याने माती टाकत फिरायचो. मिनिटभर वॉकी हातात धरून उभा राहिलो, हे इथे लिहून ठेवतो. मग कळवलं.

दीड तास लागला. पाच माणसं, एक ब्लोअर, बाकी ओल्या डहाळ्यांचे टाळ. गवत गेलं, शेजारच्या काजूची चार झाडं होरपळली. उपग्रहाकडून येणारा आगीचा संदेश काही आला नाही. तो ठरलेल्या वेळीच वरून जातो, आणि त्याचा एक ठिपका ३७५ मीटरचा. आमची अख्खी आळी मावेल त्यात.

आठ वाजता काकांचा फोन.

"तूच सांगितलंस ना?"

"हो."

बराच वेळ नुसती खोकल्याची उबळ. "माती पातळ पडली रे. कंबर वाकत नाही आता." मग म्हणाले, "अर्धा राब राहिलाय. वारा कधी पडलेला असतो ते तुला वरून कळत असेल ना?"

पहाटे पाचला, दव असताना, म्हटलं. आणि घमेलं माझ्यासाठी ठेवा. मनोऱ्यावर आठपर्यंत पोचलो तरी चालतं.