जोरात वाढलेलं झाड पोचटच ना?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. मी न्यूझीलंडमध्ये पाइनच्या सुधारित जाती तयार करायचं काम करते म्हटलं, की सागवान पाहत वाढलेला मराठी माणूस हमखास विचारतो, ‘तिशीच्या आत तोडायला येणारं झाड, म्हणजे लाकूड पोचटच ना?’

अर्धं खरं आहे. रेडिआटा पाइन मूळचं कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावरचं. न्यूझीलंडच्या लागवडीच्या जंगलांपैकी सुमारे ९० टक्के क्षेत्र आज त्याचंच. १९५०च्या दशकात रोटोरुआच्या वनसंशोधन संस्थेत निवड सुरू झाली, तेव्हाची डोकेदुखी वेगळी होती: वाकडे बुंधे, दुभंगलेले शेंडे. म्हणून सरळ, भरभर वाढणारी झाडं हेरून त्यांच्या कलमांच्या बियाणेबागा लावल्या. बुंधे सरळ झाले, लवकर जाडीला आले, तोडणीचं वय खाली आलं. त्याबरोबर ओंडक्यात आतल्या पहिल्या दहाएक वलयांचा वाटा वाढला. पोचट म्हणता ते हेच. तिथल्या पेशींच्या भिंतींतले सूक्ष्म तंतू जास्त तिरके असतात, म्हणून फळी ताठ राहत नाही.

यावर इलाज आहे, कारण लाकडाची घनता बरीचशी आनुवंशिक असते, म्हणजे घट्ट लाकडाची झाडं निवडता येतात. घनतेसाठी छातीच्या उंचीवर पोकळ गिरमिटानं ५ मिलिमीटर जाडीचा नमुना काढायचा. ताठरपणासाठी खोडातून ध्वनी किती वेगानं जातो ते मोजायचं. झाड उभंच राहतं.

राळेचं तसं नाही. हिमालयात चीड पाइनच्या खोडाला खाचा पाडून राळ मुद्दाम गोळा करतात. इथं तीच वैरीण. लाकडात राळेनं भरलेल्या भिंगासारख्या चपट्या पोकळ्या तयार होतात. फांद्या छाटून, वर्षानुवर्षं जपून मिळवलेल्या बिनगाठीच्या फळीवर त्या निघाल्या, की फळीची किंमत उतरते. न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावरच्या कँटरबरीच्या कोरड्या, वाऱ्याच्या मैदानांवर हा त्रास जास्त, आणि पाइनच्या काही कुळांत (एकाच झाडाच्या संततीत) इतरांपेक्षा अधिक. पण पोकळ्या मोजायच्या तर झाड कापून चकत्याच पाहाव्या लागतात. सालीवरचे ओघळ मोजणं स्वस्त पडतं, पण त्यावरून आतला अंदाज ढोबळच.

माझ्या मते अडचण शास्त्रापेक्षा व्यवहारात आहे. ओंडका बहुतेक घनमीटरवर विकला जातो. वाढ आणि घनता यांचं आपसात फारसं पटत नाही. घनतेसाठी थोडी वाढ सोडली, तर फायदा आरागिरणीचा, तोटा जंगलमालकाचा. म्हणून रोपं घेणारा आधी वाढीचा आकडा विचारतो, मग सरळपणाचा. राळेची चौकशी करतो तो स्वतःची गिरणी असलेला.