ओल्मची मादी ओळखण्याचा खटाटोप : नोंद तिसरी

मागच्या नोंदीत लिहिलं होतं, प्रथिनं वेगळी करून बघायच्या जेलवर काहीच उमटलं नाही. या वेळी ठिपका उमटला, पण नको तिथेही.

नव्याने वाचणाऱ्यांसाठी : ओल्म म्हणजे स्लोव्हेनियातल्या पोस्तोयनासारख्या गुहांमधला आंधळा सॅलमँडर (शेपटीवाला उभयचर). नर-मादी दिसायला सारखेच. अंडी भरली की मादीच्या विरळ कातडीतून ती दिसतात, विणीच्या दिवसांत नराचा क्लोएका (शेपटीच्या मुळाशी असलेलं उत्सर्जन-प्रजननाचं एकच द्वार) फुगतो. एरवी काही कळत नाही. जीव जेमतेम वीस ग्रॅमचा आणि तिथे १९२२ पासून संरक्षित, त्यामुळे रक्त काढणं मनाला पटत नाही. म्हणून व्हायटेलोजेनिन. इस्ट्रोजेन हे मादीचं संप्रेरक वाढलं की मादीचं यकृत हे प्रथिन तयार करतं, ते रक्तातून अंडाशयात जातं आणि त्याचा बलक होतो. माशांच्या अंगावरच्या बुळबुळीत थरातही ते सापडतं. सॅलमँडरमध्ये सापडलं तर नुसता स्वॅब पुरेल.

ओल्म घरी पाळायचा नसतो, म्हणून सराव माझ्या ॲक्सोलॉटलवर (हाही पाण्यात राहणारा सॅलमँडरच) : एक नर, दोन माद्या. दोघींनीही माझ्याकडे अंडी घातलीत, त्यामुळे शंकेला जागा नाही. प्राणी पाण्यातच ठेवून पाठीवरून मऊ स्वॅब दोनदा अलगद फिरवला. प्रथिन धरून ठेवणाऱ्या कागदासारख्या मेंब्रेनवर स्वॅबमधला थेंब, वर बलकातलं प्रथिन ओळखून त्याला चिकटणारी अँटिबॉडी; प्रथिन असेल तर ठिपका उमटतो. तुलनेसाठी एक न फळलेलं अंडं चुरडून घेतलं. अंड्यात पोहोचेपर्यंत व्हायटेलोजेनिनचे तुकडे झालेले असतात, पण ही अँटिबॉडी त्यातलाच मोठा तुकडा धरते, म्हणून चालतं.

पहिल्या फेरीत तिघांचेही ठिपके आले. नराचासुद्धा! पाण्यात इस्ट्रोजेनसारखं काही मिसळलं तर नरही हे प्रथिन बनवतात, म्हणून मी आधी घाबरलेच. मग नुसता टाकीच्या पाण्यात बुडवलेला स्वॅब तपासला. तिथेही ठिपका. दहा दिवसांपूर्वी त्याच टाकीत अंडी होती, काही फुटली होती. पाण्याचा स्वॅब पहिल्याच दिवशी घ्यायला हवा होता. तुम्ही करून बघणार असाल तर तिथूनच सुरुवात करा.

तिघांना तीन दिवस वेगवेगळ्या ताज्या पाण्यात ठेवलं. दुसऱ्या फेरीत पाणी कोरं, नर कोरा. नुकतीच व्यालेली मादी : पेन्सिलचं टोक टेकवावं इतका फिकट करडा ठिपका. मी तो दिव्याखाली किती वेळ बघत बसले होते!

दुसरी मादी मात्र कोरी. ती मागच्या वर्षी व्याली होती. तिचा इतिहास माहीत नसता तर मी बिनदिक्कत 'नर' लिहून मोकळी झाले असते. ओल्मच्या बाबतीत ही चूक फार महागात पडेल. फ्रान्समध्ये मुलिसच्या गुहा-प्रयोगशाळेतल्या नोंदींनुसार मादी वयात यायला सुमारे पंधरा-सोळा वर्षं लागतात आणि पुढे ती सरासरी साडेबारा वर्षांनी एकदा अंडी घालते. मधली कित्येक वर्षं तिचा स्वॅब कोराच येण्याची शक्यता.

म्हणून तक्त्यातला 'नर' हा रकाना मी खोडलाय. आता फक्त 'मादी' आणि 'अजून कळलं नाही'. दुसऱ्या मादीचा स्वॅब आता दर रविवारी घेणार आहे, अंड्यांनी पोट भरू लागण्याच्या किती आठवडे आधी ठिपका दिसतो ते बघायला.