अगापँथसला दांडा आला एकदाचा!

मंडळी, आला! फुलायचं नावच घेत नाही म्हणून गेल्या वेळी लिहिलं होतं, त्याच अगापँथसच्या, म्हणजे गोल झुपक्यात फुलणाऱ्या या फुलझाडाच्या, सदाहरित प्रिकॉक्स प्रजातीच्या कुंडीत पानांच्या मधून फुलांचा दांडा वर निघालाय. टोक चपटं, फिकट हिरवं, पातळ पापुद्र्यात गुंडाळलेलं. हलकेच चाचपलं की आत कळ्यांचे टणक दाणे बोटांना लागतात.

पानं रसरशीत, मुळं भक्कम, पण फुलांचा पत्ता नाही, हे दुखणं फार दिवस चाललं होतं. ऊन दिवसभर, तेव्हा सावलीचा प्रश्नच नव्हता. नत्राचं खत थांबवलं, फरक शून्य. मोठी कुंडी द्या, असं बऱ्याच जणांनी सुचवलं. माझं मत अजूनही उलट आहे: याला थोडी दाटीच मानवते, ऐसपैस जागा मिळाली की आधी मुळं वाढवत बसतो. किल्ली सापडली ती हंगामात. पुढच्या वर्षीच्या कळ्या उन्हाळा सरताना, फुलं उतरल्यावर आत धरू लागतात, आणि नेमकं तेव्हाच पाणी-खत आवरतं घेतलं जातं. गेल्या खेपेला त्या काळात माती सुकू दिली नाही आणि टोमॅटोला देतात ते पालाश (पोटॅशियम) जास्त असलेलं द्रव खत शरद ऋतूपर्यंत चालू ठेवलं. दांडा त्याचाच, असं मला वाटतं.

आता नजर गाठमाशीवर. ब्रिटनमध्ये २०१४ साली पहिल्यांदा नोंदलेली ही कीड कळीतच वाढते. कळी वेडीवाकडी होऊन बंदच राहिली तर फाडून बघा, आत बारीक अळ्या दिसतील. अशा कळ्या लगेच काढून नष्ट करा, कंपोस्टमध्ये टाकू नका.

गड्डा या वसंतात फोडायचा बेत होता, तो पुढे ढकलला. फोडलेला गड्डा एखादा हंगाम रुसतो. फोडताना खुरप्यापेक्षा पाव कापायची दातेरी सुरी कितीतरी सरस. हातमोजे हवेतच, चीक कातडीला झोंबतो. आणि तोंडाशी निमुळती कुंडी या झाडाला कधीच घेऊ नका, मुळं गच्च भरली की कुंडी फोडावीच लागते. रोप विकत घेताना ते बियांचं आहे की गड्ड्याचं, हे विचाराच. बियांचं रोप मूळ जातीसारखं निघेलच असं नाही, तरी जातीचं नाव लावून सर्रास विकतात.

लिहिता लिहिता सुचलं: फुलं झाल्यावर गड्ड्याचे दोन सारखे भाग करून सारख्याच कुंड्यांत लावतो. ते पुन्हा फुलायला लागले की एकाला शरदातलं खत द्यायचं, दुसऱ्याला फक्त पाणी. श्रेय पालाशचं की पाण्याचं, ते तेव्हा कळेल.