त्या ट्यूबवर बारीक अक्षरांत लिहिलं होतं

त्वचेच्या कटकटींची सुरुवात चेहऱ्यापासून झालीच नाही, नडग्यांपासून झाली. मला शेहेचाळिसावं लागलं होतं. रात्री अंथरुणाला पाठ टेकली की पायांना खाज सुटायची आणि सकाळी चादरीवर पांढरा कोंडा पडलेला असायचा. थंडी आहे म्हणून खोबरेल चोळत राहिले. पाडवा झाला, सांगलीत ऊन तापायला लागलं, तरी खाज तिथंच. पाळी तेव्हा कधी बावीस दिवसांनी, कधी दोन महिन्यांनी येत होती. या दोन्हींचा संबंध असेल हे डोक्यातही आलं नाही. सासूबाईंना विचारलं तर म्हणाल्या, "आमच्या वेळी नव्हतं बाई असलं काही. असेलही म्हणा, बघायला वेळ कुणाला होता!"

मग गालांवर वांगाचे डाग उठले. दुसऱ्या बाळंतपणात येऊन गेलेले, तेच परत, जास्त गडद. शाळेत परिपाठाला रोज मैदानात उभं राहायचं, त्याचीही भर. हनुवटीवर मुरूम आणि त्याच्याच शेजारी राठ केस. सोळा वर्षं आणि सत्तर वर्षं एकाच वेळी तोंडावर आली होती.

भाचीचं लग्न दोन महिन्यांवर होतं. पार्लरमध्ये तीन फेशियल झाले, पैसे गेले, डाग राहिले. मग स्टाफरूममधल्या एकीनं ट्यूबचं नाव सांगितलं आणि मेडिकलवाल्यानं एक शब्द न विचारता ती हातावर ठेवली. खोटं कशाला बोलू, तीन आठवड्यांत चेहरा उजळला. लग्नात जो तो विचारत होता, "काय लावतेस गं?" मी पाच महिने लावत राहिले. एकदा ट्यूब संपली, आणायला चार दिवस उशीर झाला, तर गाल लालबुंद, बारीक पुळ्या, आणि गॅससमोर उभं राहवेना इतकी आग. परत लावली की शांत.

शेवटी त्वचारोगतज्ज्ञांकडे गेले. डॉक्टर माझ्या मुलीपेक्षा फार तर दहा वर्षांनी मोठ्या असतील. त्यांनी ट्यूब माझ्याच हातात दिली. "मॅडम, चष्मा लावून हे वाचा." डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकू नये, असं छापलेलं होतं. आत तीन औषधं: हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि मोमेटासोन. तिसरं स्टेरॉइड. वांगावर हे मिश्रण डॉक्टरही देतात, पण मोजक्या आठवड्यांसाठी आणि नजरेखाली. महिनोन्‌महिने लावलं की स्टेरॉइडनं कातडी पातळ होते, केशवाहिन्या दिसायला लागतात आणि चेहऱ्याला त्याची सवय जडते. दररोज वह्यांतल्या चुका काढणारी मी, पाच महिने तेवढं एक वाक्य वाचलं नव्हतं.

खाजेचं कारणही तिथंच कळलं. पाळी जायच्या वयात इस्ट्रोजेन हे बायकांचं हॉर्मोन उतरायला लागलं की त्वचेतला तेलकटपणा आणि ओलावा कमी होतो, कातडी घट्ट ठेवणारं कोलॅजेन हे प्रथिन घटतं. पाळी कायमची गेल्यावर पहिल्या पाच वर्षांत जवळपास 30 टक्के कोलॅजेन जातं म्हणे. थायरॉइडमुळेही कातडी अशीच कोरडी पडते, म्हणून आधी टीएसएच, म्हणजे थायरॉइडची रक्ततपासणी करायला लावलं. ते नॉर्मल निघालं.

पुढचे दोन महिने वाईट गेले. ट्यूब बंद, साधं मॉइश्चरायझर आणि सनस्क्रीन, बाकी काही नाही. चेहरा इतका सोलवटला की मी शाळेत मास्क लावून जात होते. अंगाला आंघोळीनंतर पाणी नुसतं टिपायचं आणि ओलसर असतानाच क्रीम लावायचं. नडग्यांची खाज त्यानं पंधरा दिवसांत थांबली. वर्षभर खाजवत होते, आणि उपाय काय, तर टॉवेल घासायचा नाही!

सनस्क्रीनचा धडा वेगळा. मी बोटाच्या टोकावर मावेल एवढं लावायची. चेहरा आणि मान मिळून दोन बोटांच्या लांबीएवढं लागतं. तेही रंगीत, आयर्न ऑक्साइडवालं, कारण वांग नुसत्या अतिनील किरणांनी वाढत नाही, डोळ्यांना दिसणाऱ्या उजेडानंही वाढतं आणि त्याला साधं सनस्क्रीन पुरत नाही.

आग शमल्यावर सकाळी डागांसाठी अझेलाइक अ‍ॅसिड आणि आठवड्यातून दोन रात्री वाटाण्याएवढं 0.025 टक्के ट्रेटिनॉइन. मग ग्लायकोलिक पीलच्या, म्हणजे आम्ल लावून कातडीचा वरचा थर काढायच्या, चार बैठका, तीन-तीन आठवड्यांच्या अंतरानं. मिनिटभर चुरचुरतं, दोन-तीन दिवस पापुद्रे निघतात. डागांवर लेसर मारता येईल का विचारलं, तर त्यांनीच थांबवलं. आपल्यासारख्या सावळ्या कातडीवर लेसरनं वांग उलट काळवंडू शकतो. हॉर्मोनच्या गोळ्यांचंही विचारलं. त्या रात्रीच्या घामासाठी, गरम झळांसाठी घ्यायच्या असतील तर स्त्रीरोगतज्ज्ञांशी बोला, नुसत्या चेहऱ्यासाठी नाही, म्हणाल्या.

आता दीड वर्ष झालं. डाग पुसट आहेत, गेलेले नाहीत. मे महिन्यात पुन्हा डोकं वर काढतात. फिलरचं, म्हणजे सुरकुत्या भरायच्या इंजेक्शनांचं, दरपत्रक क्लिनिकच्या काउंटरवर असतं, मी ते उलटं करून ठेवते.

हनुवटीवर मात्र लेसर केलं. काळे केस गेले. पांढरे राहिले, कारण लेसर केसातला काळा रंग पकडतो आणि त्यांच्यात पकडायला काही नाही. म्हणून पर्समध्ये चिमटा असतो. शाळा सुटल्यावर पार्किंगमध्ये, स्कूटरच्या आरशात उपटते. तिथला उजेड घरातल्यापेक्षा चांगला आहे.