बे-लीफ : लाकडी खुंट्यांवर उभं असलेलं शेतकऱ्याचं घर

जुनं इंग्लिश घर म्हटलं की पांढऱ्या भिंती आणि काळ्याकुळकुळीत तुळया डोळ्यांसमोर येतात. वेस्ट ससेक्समधल्या सिंगलटनच्या वील्ड अँड डाउनलँड संग्रहालयात बे-लीफ फार्महाऊस पाहिलं आणि माझ्या मनातलं ते चित्र पुसलं गेलं. इथलं ओक रंगवलेलं नाही, ऊनपावसात मुरून ते रुपेरी करडं झालंय. मला ते काळ्या रंगापेक्षा कितीतरी देखणं वाटलं.

हे घर मूळचं इथलं नाही. केंटमधल्या चिडिंगस्टोनजवळ ते होतं. बाऊ बीच जलाशयासाठी ती जागा जाणार म्हणून १९६०च्या दशकाच्या अखेरीस ते उतरवलं आणि १९७२मध्ये इथे पुन्हा उभारलं.

आख्खं घर असं उतरवता येतं ते सुतारकामामुळे. एका लाकडाच्या टोकाला जीभ, दुसऱ्यात तिच्या मापाची खाच, आणि दोन्हींतून आरपार ओकचीच खुंटी. जिभेतलं भोक मुद्दाम किंचित सरकवून पाडतात. खुंटी ठोकली की ती दोन्ही लाकडांना एकमेकांकडे खेचते आणि सांधा आवळला जातो. लाकूडही वाळवलेलं नसे; ओलं ओक कापायला सोपं. नंतर ते वाळतं, पीळ खातं, पण सांधा सोडत नाही. घराचा सगळा भार या सांगाड्यावर असतो. भिंती फक्त मधल्या जागा भरतात, आणि त्या चक्क कुडाच्या आहेत : काड्यांच्या विणीवर माती, शेण आणि गवताचं लिंपण. आमच्या कोकणातल्या गोठ्याच्या भिंती अशाच असायच्या.

समोरून पाहिलं तर दोन्ही टोकांचे वरचे मजले पुढे झुकलेले आणि मधला भाग आत गेलेला दिसतो. छप्पर मात्र सरळ एका रेषेत जातं, म्हणून मधे वळणदार तिरक्या टेकूंनी वळचणीची तुळई तोलून धरली आहे. केंट-ससेक्सच्या वील्ड भागातल्या घरांची ही खास ओळख.

आत मधोमध उंच हॉल, वर थेट छपराचे वासे. जमिनीवर उघडी चूल, धुराडं नाही. धूर वर चढून छपरातून वाट काढायचा. खिडक्यांना काच नाही, उभे लाकडी गज आणि आतून झडपा. मी बराच वेळ मान वर करून तिथेच उभी होते. हॉलच्या एका टोकाला मालकाच्या कुटुंबाचं जेवणाचं टेबल. दुसऱ्या टोकाला, ये-जा करायच्या वाटेपलीकडे, पेय आणि धान्य-भाकरीच्या दोन कोठ्या. कोण कुठे बसणार, हे सुताराने खांब उभे करतानाच ठरवून टाकलं होतं.

लाकडातल्या वाढीच्या वलयांवरून हॉल आणि कोठ्यांचा भाग १५व्या शतकाच्या सुरुवातीचा ठरला आहे, तर जेवणाच्या टेबलापलीकडचा, मालकाच्या खोल्यांचा भाग १६व्या शतकाच्या सुरुवातीचा. म्हणजे दोन्हींत जवळपास शंभर वर्षांचं अंतर. मांडामांड साधारण १५४०च्या सुमाराची केली आहे.

चिचेस्टरहून मिडहर्स्टकडे जाणाऱ्या बसने इथे येता येतं. आलात तर याच आवारातली २००२ची ग्रिडशेल इमारतही बघा. ओल्या ओकच्या लवचीक पट्ट्या वाकवून तिचं लाटेसारखं छत केलंय, आणि आत जुन्या इमारतींच्या लाकडांची दुरुस्ती करायची कार्यशाळा आहे.