भर मे महिन्यात भंडारदरा : नाशिकहून घोटीमार्गे जाऊन सिन्नरमार्गे परत

भंडारदऱ्याला नाशिककर जातात ते बहुतेक पावसाळ्यात. धबधबे असतात, धुकं असतं, आणि शनिवार-रविवार असेल तर घोटीपासून गाड्यांची रांगही असते. मी आणि माझी मैत्रीण यंदा मुद्दाम मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात गेलो. डोंगर पिवळे पडलेले, धबधबे कोरडे, पण पाणी खाली गेल्यामुळे तलावाच्या काठाने पायी हिंडता येतं, पावसाळ्यात बंद असणाऱ्या सांदण दरीत उतरता येतं, करवंदं-जांभळं पिकलेली असतात आणि एखादी वळवाची सर पडून गेली असेल तर काजवेही भेटतात. अट एकच. दिवसाच्या वेळा पाळायच्या. पहाटेपासून सकाळी दहापर्यंत आणि संध्याकाळी साडेचारनंतर बाहेर पडायचं, मधले तास सावलीत काढायचे. हे ज्याला जमतं त्याला उन्हाळ्यातलं भंडारदरा पावसाळ्यापेक्षा जास्त दाखवतं, असं माझं ठाम मत आहे.

नाशिकहून अंतर सत्तर-पंचाहत्तर किलोमीटर. मुंबई-आग्रा महामार्गाने घोटीपर्यंत जायचं आणि तिथे डावीकडे वळायचं. आम्ही शुक्रवारी दुपारी ऊन कलल्यावर निघालो. घोटी हे भाताच्या गिरण्यांचं गाव, बाजारपेठ मोठी. पेट्रोल, रोख पैसे, ओआरएसची पाकिटं, टॉर्चचे सेल, जे काही लागणार असेल ते इथेच घ्या. पुढे दुकानं आहेत, पण मिळेलच याची खात्री नाही, आणि तलावाच्या मागच्या बाजूला मोबाइलला रेंज नसल्यामुळे ऑनलाइन पैसेही देता येत नाहीत. एसटीने येणाऱ्यांनी घोटीला उतरून बारी-राजूरकडची गाडी बघावी. मात्र तलावाभोवती फिरायला स्वतःचं किंवा ठरवलेलं वाहन हवंच.

घोटी सोडली की उजव्या हाताला कळसूबाईची रांग सोबत येते. बारी गाव कळसूबाईच्या पायथ्याचं. १६४६ मीटर, महाराष्ट्रातलं सर्वांत उंच शिखर. मे महिन्यात ते चढायचं असेल तर रात्री तीनला बारीतून निघा, सूर्योदयाला माथ्यावर पोहोचा आणि ऊन चढायच्या आत खाली या. वाटेतल्या लोखंडी शिड्या उन्हात इतक्या तापतात की हात ठेववत नाही. आम्ही या वेळी कळसूबाई घेतलंच नाही. दोन दिवसांत शिखर आणि दरी दोन्ही घ्यायला गेलं की एकही नीट होत नाही.

मुक्कामाला तलावाच्या काठावर तंबू भरपूर मिळतात. आम्ही तलावाकाठच्या मुरशेत गावात एका घरी राहिलो आणि दोघी बायका जाणार असतील तर मीही हेच सुचवेन. घरात माणसं असतात, रात्री-बेरात्री हाक मारता येते आणि जेवण चुलीवरचं असतं. तंबूत मे महिन्यात सकाळी सात वाजताच घामाने जाग येते. शिवाय शनिवारी रात्री शेजारच्या तंबूवाल्यांचा स्पीकर सुरू झाला की तलावाकाठी आल्याचा उपयोगच राहत नाही. माणशी हजार-बाराशेच्या आसपास राहणं आणि दोन वेळचं जेवण झालं. फोनवर ठरवताना स्वच्छतागृह, पंखा आणि प्यायचं पाणी या तीन गोष्टी स्पष्ट विचारून घ्या.

पाण्याबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण तिथे गेल्यावर ते डोक्यातून जात नाही. हा तलाव ज्याच्यामुळे झाला त्या विल्सन धरणाचं काम १९१० मध्ये सुरू झालं आणि १९२६ मध्ये पुरं झालं. उंची सुमारे ८२ मीटर, साठवण क्षमता ११,०३९ दशलक्ष घनफूट. प्रवरेचं हे पाणी कालव्यांनी खाली गेलं, त्यावर ऊस उभा राहिला आणि त्या उसावर १९५० मध्ये लोणीला सहकारी साखर कारखाना. मात्र धरणाच्या वरच्या अंगाला असलेल्या वाड्या-वस्त्यांवर उन्हाळ्यात बायकांना हंडे घेऊन चालावं लागतं. समोर एवढा तलाव, आणि प्यायचं पाणी मात्र झऱ्यावरून नाहीतर विहिरीवरून. आम्ही राहिलो त्या घरच्या मावशींनी पहाटे पाचला दोन खेपा केल्या तेव्हा मैत्रीणही उठून त्यांच्याबरोबर गेली. परत आल्यावर तिने अंघोळीला अर्धीच बादली घेतली. "बाकीचं राहू दे ग, तूही जपून वापर," एवढंच म्हणाली. म्हणून सांगते, माणशी निदान पाच लिटर पिण्याचं पाणी गाडीत घालूनच घरातून निघा. बाटल्यांऐवजी वीस लिटरचा जार घ्या, म्हणजे रिकाम्या बाटल्या तिकडे टाकण्याचा प्रश्नच येत नाही.

पहिल्या संध्याकाळी आम्ही नुसत्या काठाने चालत राहिलो. पावसाळ्यात जिथे पाणी असतं तिथे आता उतरता चिखल वाळून तडकला होता. प्रत्येक तुकडा कडेने वर उचललेला, आणि दोन तुकड्यांच्या फटीत बोटभर उंचीचं हिरवंगार गवत. गुरांच्या खुरांचे ठसे जसेच्या तसे वाळलेले. मैत्रिणीने वाकून एका ठशातून शिंपला उचलला, तो आतून अजून ओला होता. पाण्याच्या जवळ जाऊ तसा चिखल मऊ होत जातो आणि तिथेच थांबायचं. वरून वाळलेला दिसतो, पाय मात्र पोटरीपर्यंत आत जातो.

पोहायला उतरू नका, हे कळकळीने सांगते. धरणाच्या काठाला पायऱ्या नसतात, दोन पावलांवर तळ एकदम खोल होतो. खाली गाळ आणि जुन्या झाडांची खोडं असतात, आणि पोहता येणारा माणूसही त्यात अडकतो. दर उन्हाळ्यात महाराष्ट्रातल्या कुठल्या ना कुठल्या धरणावर असं कोणीतरी जातं. पाण्यावर जायचंच असेल तर बोट आहे. लाइफ जॅकेट अंगात घालून त्याचे बंद बांधून दिल्याशिवाय बसू नका आणि सकाळचीच फेरी घ्या, तेव्हा वारा पडलेला असतो.

दुसऱ्या दिवशी साडेपाचला निघालो. तलावाभोवतीचा रस्ता शेंडी, मुरशेत, पांजरे, उडदावणे, घाटघर, साम्रद, रतनवाडी, मुतखेल असा फिरून परत शेंडीला येतो. चाळीस-पंचेचाळीस किलोमीटरचा फेर आहे, पण खड्डे आणि वळणं धरून वेळ जास्त ठेवा. वाटेत घाटघरचा कोकणकडा आहे. उन्हाळ्यात दुपारी तिथून फक्त धुरकट दिसतं, सकाळी मात्र खालचं कोकण स्पष्ट असतं. दहा मिनिटं थांबलो आणि पुढे गेलो, कारण खरं जायचं होतं साम्रदला.

सांदण दरी साम्रद गावापासून अर्ध्या तासाच्या चालीवर. जमिनीला पडलेली अरुंद, खोल भेग म्हणा. दोन्ही बाजूंना शे-दोनशे फूट कातळ आणि वर आभाळाची पट्टी. गावातूनच वाटाड्या घ्या. आमच्याबरोबर आलेले दादा महादेव कोळी समाजातले, लहानपणापासून त्याच दरीत गुरांमागे हिंडलेले. आत शिरताना त्यांनी तीन गोष्टी सांगितल्या. कडेला आग्या मोहोळ असतं, म्हणून अत्तर, सेंट, सिगारेट काही नको. वर माकडं फिरतात, त्यांच्या पायाने दगड सुटतात, म्हणून कातळाला चिकटून चाला आणि हेल्मेट घाला. आणि लांबवर कुठेही ढग गडगडला तर फोटो अर्धा राहिला तरी मागे फिरायचं. दरीच्या तोंडावर पाऊस नसला तरी वर पडलेलं पाणी आत येतं आणि बाहेर पडायला जागा नसते.

सुरुवातीलाच पाण्याचे डोह लागतात. बाहेर अंगाची लाही होत असताना ते पाणी इतकं गार होतं की पाय टाकताच मैत्रिणीच्या तोंडून "आई गं!" निघालं. पहिल्यात गुडघाभर, दुसऱ्यात कंबरेच्या वर. बॅग डोक्यावर धरावी लागते. मोबाइल आणि गाडीची किल्ली प्लॅस्टिकच्या दोन पिशव्यांत घालून घ्या. त्यापुढे दगडांवरून चढ-उतार, काही दगड खोलीएवढे. तळ रबरी आणि पकड असलेला बूट हवाच, सॅंडल चालत नाहीत. आम्ही पहिल्या मोठ्या टप्प्यापर्यंत गेलो आणि परतलो. पुढे दोर लावून उतरावं लागतं, ते जाणकार गटाबरोबर आणि पुरेशा साधनांनिशीच करावं. परत वर आलो तेव्हा साडेदहा वाजले होते आणि उन्हाने डोळे दिपले.

दुपार रतनवाडीला अमृतेश्वराच्या देवळात काढली. दुपारसाठी याहून चांगली जागा त्या भागात नाही. शिलाहारकाळातलं मानलं जाणारं हे दगडी मंदिर बाहेरून कोरीव कामाने भरलेलं आहे आणि आत दगड गार असतो. पावसाळ्यात गाभाऱ्यात पाणी साठतं, उन्हाळ्यात पिंडीजवळ बसता येतं. जवळची पुष्करिणीही नक्की बघा, भिंतीतल्या कोनाड्यांमध्ये मूर्ती आहेत. मागे रतनगड उभा. प्रवरा इथेच उगम पावते आणि पुढे प्रवरासंगमला आपल्या गोदावरीला मिळते. जेवण गावातच सांगून ठेवलं होतं. नाचणीची भाकरी, पिठलं, कांदा, ठेचा, आणि शेवटी भात. हा सगळा अकोले तालुका जुन्या भाताच्या वाणांचा. बीजमाता म्हणून ओळखल्या जाणाऱ्या पद्मश्री राहीबाई पोपेरे याच तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या. रस्त्यावर पोरं पळसाच्या पानांच्या द्रोणात करवंदं विकत होती. भाव करू नका, घ्या.

काजव्यांचा हंगाम मेच्या अखेरीपासून पाऊस लागेपर्यंत. आम्ही थोडे आधीच गेलो होतो, पण आदल्या आठवड्यात सर येऊन गेली होती, त्यामुळे मुरशेतच्या पुढे हिरडा आणि सादड्याच्या काही झाडांवर दिसले. सुरुवातीला इथे एक, तिथे एक. डोळे अंधाराला सरावल्यावर लक्षात आलं की एका झाडावरचे सगळे एकाच लयीत लागतात आणि विझतात. नर माद्यांना खुणावत असतात. त्यात आपण हेडलाइट टाकला की ती खूण पोहोचत नाही. हा परिसर कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो, प्रवेश शुल्क आहे आणि रात्री गाड्यांच्या वेळांचे नियम हंगामानुसार बदलतात, ते नाक्यावर विचारून घ्या. गाडी लांब उभी करून चालत जा. टॉर्चला लाल जिलेटिन लावा. फ्लॅश नको, आणि काजवे पकडून बाटलीत घालणाऱ्या मुलांना त्यांच्या आईवडिलांसमोर प्रेमाने थांबवा. आम्ही थांबवलं, त्यांनी ऐकलं. जमलं तर मधल्या वारी जा. हंगामाच्या ऐन भरात शनिवारी तिथे काजव्यांपेक्षा गाड्यांचे दिवे जास्त असतात.

रविवारी आलो त्या रस्त्याने परतलो नाही. रंधा धबधबा वाटेवर आहे. धरणातून आवर्तन सुटलं असेल तर मे महिन्यातही पाणी पडतं, नाहीतर नुसता कातळ. कठड्याच्या बाहेर जाऊ नका. राजूरला पेढे घेतले, ते प्रसिद्ध आहेत आणि ताजे असतील तर खरोखर चांगले लागतात. अकोल्याला प्रवरेकाठी अगस्ती ऋषींचा आश्रम आहे, तिथल्या झाडांखाली डबा खाल्ला.

अकोल्याहून देवठाण-ठाणगावमार्गे सिन्नरचा रस्ता धरा. पवनचक्क्या दिसू लागल्या की पट्टा किल्ल्याची दिशा ओळखावी. जालन्याच्या स्वारीनंतर १६७९ मध्ये शिवाजी महाराज तिथे विसावले, म्हणून तो विश्रामगड. पुढे डुबेरे. थोरले बाजीराव पेशवे यांचा जन्म १७०० मध्ये याच गावात, त्यांच्या आजोळी बर्वे वाड्यात झाला. वाडा बघायचा असेल तर आधी विचारून जा, ते कोणाचं तरी राहतं घर आहे.

सिन्नरच्या गोंदेश्वरला पाचनंतर पोहोचा. मधलं मोठं मंदिर आणि चार कोपऱ्यांत चार छोटी, असं यादवकाळातलं पंचायतन. भर दुपारी अनवाणी फिरताना फरशी पाय भाजते, संध्याकाळी तिरप्या उन्हात शिखरावरचं कोरीव काम उठून दिसतं. मोजे सोबत ठेवा. तिथून नाशिक तीसेक किलोमीटर, पण रविवारी संध्याकाळी शिंदे टोलनाक्यापासून नाशिकरोडपर्यंत वाहनं तुंबतात. तेव्हा एकतर साडेसहाच्या आत सिन्नर सोडा, नाहीतर तिथेच जेवून नऊनंतर निघा. आम्ही जेवून निघालो आणि पाऊण तासात घरी होतो.