आबांची काठी

स्तनाच्या कॅन्सरच्या ऑपरेशनला तीन आठवडे झाले होते. उजवा हात खांद्याच्या वर जात नव्हता. काखेत कुणीतरी कच्चा टाका घालून दोरा ओढून धरलाय, असं वाटायचं. फिजिओथेरपीच्या ताईंनी भिंतीवर बोटं चढवायला लावली, कुठवर पोचली तिथं पेन्सिलीनं खूण केली आणि विचारलं, "घरात काठी आहे का? तीन-चार फुटांची. झाडूचा दांडा असला तरी चालेल."

आमच्या घरात काठी होती. माळ्यावर, आबांची. भरीव वेळूची, दर उन्हाळ्यात तेल पाजून काळीभोर झालेली. कोल्हापुरातल्या पेठेत वाढलेल्या माणसाला मर्दानी खेळ काय ते सांगावं लागत नाही. हलगी, घुमकं आणि कैताळ वाजायला लागलं की आमची गल्ली घराबाहेर यायची. आबा लाठी खेळायचे, पट्टाही खेळायचे. दोन्ही भावांना त्यांनी शिकवलं. मी उंबऱ्यावर बसून बघायची. मला कुणी मनाई केली नव्हती आणि कुणी बोलावलंही नव्हतं. आमच्याकडं बायकासुद्धा "मी येतो, मी जातो" म्हणतात, बाहेरगावच्या लोकांना त्याचं फार नवल वाटतं. पण मर्दानी खेळाच्या मैदानात तेव्हा त्या नव्हत्या.

सत्तेचाळिसाव्या वर्षी माझ्या धाकट्यानं माळ्यावर चढून ती काठी काढून दिली. जमिनीवर उताणं झोपायचं, दोन्ही हातांत काठी धरायची आणि डाव्या हाताच्या जोरावर उजवा हात डोक्यामागं न्यायचा. पाच आकडे मोजायचे, परत आणायचा. पहिल्या दिवशी काठी कपाळापर्यंत गेली. मी छताकडं बघत तशीच पडून राहिले. काठीला अजून तेलाचा वास होता. आबांना जाऊन नऊ वर्षं झाली होती.

थोडं मागचं सांगते. 2021 च्या जुलैत पंचगंगेनं 43 फुटांची धोक्याची पातळी कधीच मागं टाकली होती आणि पाणी माझ्या शिलाईच्या दुकानात शिरलं. दोन मशिनी माळ्यावर चढवता आल्या, तिसरी गेली, कापडाचे गठ्ठे गेले. त्याच गडबडीत अंघोळ करताना उजव्या बाजूला गाठ लागली, वाटाण्याएवढी. दुखत नव्हती. आधी चिखल काढू, मग नवरात्राचे ब्लाऊज, मग दिवाळीच्या ऑर्डरी. असं करत चार महिने ती गाठ मी अंगावर काढली. वाचणाऱ्या प्रत्येक बाईला हात जोडून सांगते, न दुखणारी गाठ दाखवायला जास्त घाई करा. माझं ऑपरेशन डिसेंबरात झालं. काखेतल्या सोळा ग्रंथी काढल्या, त्यातल्या तीनमध्ये आजार पोचला होता.

जानेवारीपासून केमो. आधी लाल औषधाचे चार डोस, दर एकवीस दिवसांनी. मग दर आठवड्याला एक, असे बारा. केस गेले त्याचं मला फार वाटलं नाही. बोटं सुन्न झाली तेव्हा मात्र मी रडले. सुई बोटांत आहे की खाली पडली, हे बघून ठरवावं लागायचं. तीस वर्षं माझी बोटं डोळ्यांआधी कापड ओळखत आली आहेत.

केमोला शेजारच्या खुर्चीत गारगोटीकडची एक बाई असायची. माझ्याहून सात-आठ वर्षांनी लहान. तिला मी काठीचा व्यायाम सांगितला, तर डाव्या हाताला सलाईन असताना तिनं उजव्या हातातली छत्री हळूहळू वर नेऊन दाखवली. "वैनी, बरं झालो की दोघी खेळू," म्हणाली. नवव्या डोसानंतर ती यायची बंद झाली. महिन्याभरानं तिच्या दिराकडून कळलं.

म्हणून लोक मला "तू लढलीस, जिंकलीस" म्हणतात तेव्हा मला ते घेववत नाही. प्रेमानं म्हणतात, मला ठाऊक आहे. पण मग ती कमी लढली का? ती माझ्यापेक्षा कणभरही कमी नव्हती, आणि हे मी कुणालाही ठणकावून सांगेन.

रेडिएशनची पंचवीस सिटिंग ऑगस्टमध्ये संपली. त्या वर्षी खंडेनवमीला पेठेतल्या आखाड्यात शस्त्रपूजा होती. मी आबांची काठी पूजेला नेली. वस्ताद आबांच्या हाताखाली शिकलेले, आता साठीच्या पुढचे. त्यांनी काठी ओळखली, डोक्याला लावली आणि पूजेत मांडली. दुसऱ्या दिवशी न्यायला गेले तर म्हणाले, "नेतीस कशाला आक्का? सोमवारपासनं ये की."

आखाड्यात आता निम्म्याहून जास्त मुली आहेत. नऊ वर्षांची एक पोरगी ढाल-तलवार घेऊन असा पवित्रा टाकते की बघणाऱ्याची छाती भरून येते. मी त्या पोरांच्या शेवटच्या रांगेत उभी राहिले, अनवाणी, डोक्याला रुमाल बांधून. पहिला धडा सलामीचा. दुसरा, काठी पडली तर काय करायचं याचा. शस्त्र जमिनीवर पडलं की वाकून उचलायचं, कपाळाला लावायचं, मगच पुढं. सुन्न बोटांतून पहिल्या संध्याकाळी माझी काठी इतक्या वेळा पडली की मोजणं सोडून दिलं. प्रत्येक वेळी कपाळाला लावली. कुणी पोर हसलं नाही. त्यांच्याही पडत होत्या.

मी काठी फार आवळून धरायची. पडू नये म्हणून. वस्ताद दोन दिवस बघत राहिले, मग जवळ आले. "आवळलीस की ती फिरायची थांबती. पोराचा हात धरून रस्ता ओलांडतीस न्हवं? तसा धर. सुटू बी नये आन् दुखू बी नये."

हे मला औषधापेक्षा कमी लागू पडलं नाही. वर्षभर मी सगळंच आवळून धरलं होतं. दात, खांदे, रात्रीची झोपसुद्धा. रिपोर्टचा कागद हातात असला की मूठ उघडायची नाही. काठी मात्र आवळलेल्या मुठीत फिरतच नाही. ती अंगठा आणि पहिल्या दोन बोटांत तोलायची, मनगट मोकळं सोडायचं आणि तिचं वजन तिलाच फिरवू द्यायचं. दीड महिन्यानं उजव्या हातानं समोरचा एक पूर्ण फेरा झाला. काठीचा तो वाऱ्याचा आवाज, जो मी उंबऱ्यावरून ऐकत मोठी झाले, तो माझ्या हातातून आला. त्या रात्री घरी मी कुणाला काही बोलले नाही. आमटीला फोडणी दिली आणि पोटभर जेवले.

हाताला सूज येण्याची भीती कायम आहे. ग्रंथी काढल्या की हातातला द्राव नीट निचरत नाही. फिजिओच्या ताई ठरलेल्या जागी दोन्ही हातांचे घेर टेपनं मोजतात. दोन सेंटिमीटरपेक्षा जास्त फरक आला तर सावध व्हायचं. टेप गळ्यात घालूनच माझा जन्म गेला, तेव्हा आता घरी मीच मोजते आणि गिऱ्हाइकांच्या मापाच्या वहीत शेवटच्या पानावर लिहून ठेवते. एकदा फरक सव्वादोनवर गेला होता. माझ्या सगळ्या ब्लाऊजची उजवी बाही उसवली, मुंढ्याची गोलाई वाढवली आणि परत बसवली. आता कॅन्सरच्या बायका खास त्यासाठी माझ्याकडं येतात. त्यांचं माप मी पडदा ओढून, दोन्ही हातांचं वेगळं घेते.

पूर्वी सांगायचे, त्या हातानं जड उचलू नका, शिवणकाम जपून करा. ताईंनीच मला सांगितलं की 1996 साली कॅनडात व्हँकूवरला डॉ. डॉन मॅकेन्झी यांनी माझ्यासारख्याच 24 बायकांना लांब होडी वल्हवायला बसवलं, टप्प्याटप्प्यानं तयार करून, आणि एकीलाही नवी सूज आली नाही. हे ऐकून मी लाठीचं त्यांना उघड सांगितलं. त्यांनी वेळ ठरवून दिली: पहिले आठ दिवस पाच मिनिटं, दर आठवड्याला दोन वाढवायची, हाताला दाबाची बाही चढवूनच. तुम्ही करणार असाल तर आधी आपल्या डॉक्टरांना विचारा.

दांडपट्टा मात्र माझ्या उजव्या हाताला नाही. 2024 मध्ये सरकारनं त्याला राज्यशस्त्र म्हणून मान दिला, तेव्हा आखाड्यात पेढे वाटले होते. त्याच्या खोबळ्यात, म्हणजे मुठीवरच्या लोखंडी आवरणात, हात कोपराजवळपर्यंत जातो, मनगट अडकून राहतं आणि वार सगळा खांद्यातून काढावा लागतो. सुजणाऱ्या हातावर खोबळा घट्ट बसतो, आणि त्या हाताला साधा ओरखडासुद्धा मला परवडत नाही. मी खूप खट्टू झाले. आबांचा पट्टा भावाकडं आहे. गेल्या वर्षी त्यानं तो आणून दिला, काही न बोलता. तेव्हापासून डाव्या हातानं शिकते आहे. चार हात बसलेत. पाचव्याला पाय चुकतो.

अजून रोजची गोळी आहे. पहाटे गुडघे आखडतात. सहा महिन्यांनी तपासणी असते आणि त्याआधीचे दहा दिवस घरात कुणी मोठ्यानं बोलत नाही. त्या दहा दिवसांतही मी सहा वाजता मैदानात असते.

आबांची काठी मला उंच पडायची. ते सहा फुटी, मी पाच फूट एक इंच. वस्ताद पहिल्यापासून सांगत होते, कापून घे, खांद्यावर ताण येतोय. माझा जीव होत नव्हता. परवा रविवारी शिलाईच्या खडूनं खूण केली, धाकट्यानं करवत चालवली. कापल्यावर आतला वेळू पिवळाधमक निघाला. टोकाला तेल लावून ठेवलंय. वीतभर तुकडा उरला तो मशीनपाशी आहे. बाहीच्या शिवणीवर इस्त्री फिरवताना आत घालायला बरा पडतो.